अन्नाचा कारखाना कोठे असावा?

साखरेचा कारखाना कोणत्या गावी उभारावा, दूध निवविण्याचे केंद्र कोठे असावे, धान्याचे कोठार रेल्वेच्या कोणत्या स्थानकापाशी बांधावे, हे प्रश्न वरवर पाहता स्थापत्यशास्त्रज्ञांचे आणि भांडवल घालणारांचे वाटतात. सामान्य माणसाला त्यांच्याशी काय कर्तव्य, असेही कोणी म्हणेल. परंतु सकाळच्या चहात पडणारी साखर आणि दूध ज्या वाटेने घरी येतात, त्या वाटेवरील प्रत्येक कोसाचे मोल कोणीतरी दिलेले असते. ते शेतकऱ्याच्या पदरचे गेले, गिऱ्हाइकाच्या खिशातून गेले, की वाटेत नासलेल्या मालाच्या रूपाने दोघांनाही भोवले, हे पुष्कळ अंशी एकाच गोष्टीवर अवलंबून असते. ती गोष्ट म्हणजे शेत आणि बाजार यांच्या दरम्यान प्रक्रियेची जागा नेमकी कोठे आहे, ही होय.

या विषयाचा पद्धतशीर विचार प्रथम एका शेतकऱ्यानेच केला. जर्मनीतील मेक्लेनबुर्ग प्रांतात टेलो येथे फॉन थ्यूनेन नावाच्या जमीनदाराची शेती होती. आपल्या शेतीचे हिशेब वर्षानुवर्षे बारकाईने ठेवून १८२६ साली त्याने एक ग्रंथ प्रसिद्ध केला. सपाट मैदानाच्या मध्यभागी एकच शहर आहे आणि सभोवार सारखीच सुपीक जमीन पसरली आहे, अशी कल्पना करून कोणते पीक कोठे घेणे परवडेल हे त्याने गणिताने काढले. त्याचे उत्तर असे की, दूध आणि भाजीपाला हे लवकर नासणारे पदार्थ शहराला लागून असलेल्या वर्तुळात पिकतील. धान्य त्याहून दूरच्या वर्तुळांत. आणि गुरे सर्वांत दूर, कारण गुरे आपल्या पायांनी बाजारापर्यंत चालत येतात. जमीन तीच, हवापाणीही तेच. तरी केवळ अंतरामुळे पीक बदलते, हा त्याच्या ग्रंथाचा मथितार्थ होता.

थ्यूनेनने शेताचा विचार केला. कारखान्याचा विचार आल्फ्रेड वेबर या जर्मन पंडिताने १९०९ साली केला. त्याच्या ग्रंथात एका साध्या यंत्राचा उपयोग सांगितला आहे. ते यंत्र श्रोत्यांनी डोळ्यांपुढे आणावे. एका मेजावर नकाशा पसरावा. कच्चा माल जेथे मिळतो, इंधन जेथे मिळते आणि पक्का माल जेथे खपतो, अशा तिन्ही ठिकाणी मेजाला भोके पाडावीत. प्रत्येक भोकातून एकेक दोरा खाली सोडून त्याला वजन टांगावे. त्या त्या ठिकाणाहून किंवा त्या त्या ठिकाणी जितका माल न्यावयाचा, तितके ते वजन असावे. मेजावर तिन्ही दोऱ्यांची टोके एका गाठीत बांधून गाठ सोडून द्यावी. ती ओढली जाऊन जेथे स्थिरावेल, तेथे कारखाना उभारल्यास वाहतुकीचा खर्च सर्वांत कमी येईल. यातील मर्म असे की, एका दोऱ्याचे वजन बाकीच्या सर्वांच्या बेरजेहून अधिक झाले, तर गाठ मध्ये कोठेही न थांबता थेट त्याच भोकापाशी जाऊन बसते.

आता उसाचे वजन या मेजाला टांगून पाहावे. महाराष्ट्रात १०० टन ऊस गाळला असता साधारणपणे १० ते ११ टन साखर मिळते. यालाच उतारा म्हणतात. सुमारे ३० टन चिपाड निघते, ४ टनांच्या आसपास मळी निघते, रस निवळताना ३-४ टन गाळ राहतो आणि उरलेले बहुतेक पाणी वाफ होऊन जाते. म्हणजे शेताकडील दोऱ्याला १०० शेर वजन असेल, तर बाजाराकडील दोऱ्याला जेमतेम ११ शेर. राहिला इंधनाचा दोरा. परंतु उसाच्या बाबतीत त्याचा प्रश्नच मिटतो, कारण चिपाड जाळूनच कारखान्याचे बाष्पपात्र तापते. इंधन उसाच्या मोळीबरोबर आपोआप येऊन पोचते. मग गाठ उसाच्या मळ्यात जाऊन बसावी यात नवल नाही. शेत आणि शहर यांत १०० किलोमीटरांचे अंतर असेल, तर शहरातील कारखान्याला १०० टन ऊस १०० किलोमीटर ओढून आणावा लागेल. मळ्यातील कारखान्याला तेवढ्याच वाटेने ११ टन साखर तेवढी पाठवावी लागेल.

वजनाच्या जोडीला काळाचाही हिशेब आहे. ऊस तुटला की त्यातील साखरेचे विघटन सुरू होते. दाणेदार साखर ज्या शर्करेची बनते, तिचे रूपांतर दाणा न धरणाऱ्या शर्करांत होऊ लागते. शिवाय ऊस वाळून त्याचे वजनही घटते. म्हणून तुटलेला ऊस शक्यतो २४ तासांच्या आत गव्हाणीत पडावा, असा कारखानदारीतील दंडक आहे. उन्हाळ्यात हे नुकसान अधिक वेगाने होते. याचा अर्थ असा की, उसाच्या वाटेवरील अंतर केवळ भाड्याने मोजता येत नाही. ते वेळानेही मोजावे लागते.

मुंबई प्रांताच्या औद्योगिक इतिहासात या नियमाची साक्ष स्पष्ट दिसते. कापसातील सरकी वऱ्हाडातच निघून रुईचे दाबलेले गठ्ठे झाले की पुढे वजन फारसे घटत नाही. म्हणून सूतगिरण्या मुंबईस बंदराजवळ उभ्या राहू शकल्या. उसाचे कारखाने मात्र कालव्यांच्या काठी गेले. प्रवरेच्या कालव्यावर हरेगाव, नीरेच्या कालव्यांवर वालचंदनगर आणि माळीनगर, ही नावे १९५० पूर्वीच सर्वतोमुखी झाली होती. १९५०-५१ च्या हंगामात विठ्ठलराव विखे पाटील आणि प्राध्यापक धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील लोणी येथे प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला. कारखाना शेताजवळ असणे ही वजनाची आणि काळाची निकड होती. परंतु तो शेतकऱ्यांच्या मालकीचा असू शकतो, हा विचार या कारखान्याने महाराष्ट्रात रुजविला. ज्या मालाला २४ तासांत विकले जाणे भाग आहे, त्याच्या धन्याला घासाघीस करण्यास अवसर नसतो. जवळचा एकमेव गिऱ्हाईक म्हणेल तो भाव त्याला घ्यावा लागतो. तो गिऱ्हाईकच आपला झाला, तर या अडचणीची धार बोथट होते.

कारखाना मळ्यात असावा, एवढे ठरले. तो केवढा असावा, हा पुढचा प्रश्न. मोठ्या कारखान्यात यंत्रांचा आणि माणसांचा खर्च दर टनास कमी येतो, हे सर्वश्रुत आहे. परंतु मोठ्या पोटाला ऊसही दुरून आणावा लागतो. एक काल्पनिक उदाहरण घेऊन आकडे मांडता येतील. दिवसाला २,५०० टन गाळणारा कारखाना १६० दिवस चालला, तर त्याला ४ लाख टन ऊस लागेल. हेक्टरी ८० टन उत्पन्न धरले, तर ५,००० हेक्टर, म्हणजे ५० चौरस किलोमीटर उसाखाली हवेत. भोवतालच्या जमिनीपैकी एकदशांश जमिनीतच ऊस असतो असे धरले, तर ५०० चौरस किलोमीटरांचा मुलूख कारखान्याच्या वाट्याला यावा लागेल. एवढ्या क्षेत्राच्या वर्तुळाची त्रिज्या होते सुमारे १२.६ किलोमीटर; आणि ऊस सर्वत्र सारखा पसरलेला असल्यास सरासरी अंतर येते त्रिज्येच्या दोनतृतीयांश, म्हणजे ८.४ किलोमीटर. आता हाच कारखाना वाढवून १०,००० टनांचा केला, तर त्रिज्या दुप्पट होऊन २५ किलोमीटरांवर जाईल आणि सरासरी अंतरही दुप्पट होईल. गाळप झाले चौपट. परंतु टन आणि किलोमीटर यांचा गुणाकार केला, तर वाहतूक झाली आठपट. यंत्रघरात वाचलेला पैसा रस्त्यावर सांडण्याची वेळ कधी येते, हे या गुणाकारावरून कळते. मुलुखात ऊस दाट असेल तर ती उशिरा येते, विरळ असेल तर लवकर.

याच विचाराचा कायद्यातील अवतार म्हणजे दोन कारखान्यांमधील अंतराची अट. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात २००६ साली दुरुस्ती होऊन दोन कारखान्यांत किमान १५ किलोमीटरांचे हवाई अंतर असावे, असे ठरले आणि राज्यांना ते वाढविण्याची मुभा राहिली. महाराष्ट्राने ते २५ किलोमीटर केले. वरच्या उदाहरणातील १२.६ किलोमीटरांच्या त्रिज्येची दोन वर्तुळे शेजारी शेजारी ठेवली, तर त्यांच्या मध्यबिंदूंत सुमारे एवढेच अंतर राहते. कारखान्याला पुरेसा ऊस मिळावा, हा या अटीचा हेतू. परंतु दुसरी बाजूही आहे. अंतराचे कुंपण घातले की कुंपणाच्या आतील शेतकऱ्याला गिऱ्हाईक निवडण्याची सोय कमी होते. १९८४ साली महाराष्ट्रात प्रत्येक कारखान्याचे क्षेत्र राखून देणारी झोनबंदी आली, तेव्हा शेतकऱ्यांच्या चळवळीने तिच्यावर याच कारणास्तव हल्ला चढविला आणि पुढे ती उठली. २०१२ साली रंगराजन समितीने अंतराची अट आणि क्षेत्राचे आरक्षण ही दोन्ही काढून टाकावीत, अशी शिफारस केली. उलट, सर्व कुंपणे काढली तर एका कारखान्याच्या दारावरून दुसऱ्या कारखान्याचा ऊस जातो आणि रस्त्यावर दुहेरी खर्च होतो, असे दुसरा पक्ष सांगतो. दोन्ही पक्ष अंतराबद्दलच बोलत असतात. फरक एवढाच की, एकाच्या मनात खर्च असतो आणि दुसऱ्याच्या मनात स्वातंत्र्य.

जागा उत्तम निवडली, आकार बेताचा ठेवला, तरी वाहतुकीची घडी बसली नाही तर सर्व व्यर्थ. दिवसाला २,५०० टन गाळणाऱ्या कारखान्याच्या गव्हाणीला रात्रंदिवस दर तासास सुमारे १०४ टन ऊस हवा. एका गाडीत २ टन ऊस धरला, तर दर तासास ५२ गाड्या, म्हणजे जवळजवळ दर मिनिटास एक. गाड्या कमी आल्या तर यंत्रे रिकामी फिरतात. एकदम अधिक आल्या तर वजनकाट्यापाशी रांग लागते, ऊस वाळतो, बैल ताटकळतात आणि ज्या टोळीने पहाटेच्या थंडीत कोयता चालविला, तिच्या मजुरीतला वेळ रांगेतच जातो. म्हणून लागवडीच्या तारखेप्रमाणे उसाची नोंद ठेवून कोणता फड कोणत्या दिवशी तोडावयाचा, याचा कार्यक्रम आखला जातो. जवळच्या फडांना बैलगाड्या, दूरच्यांना ट्रॅक्टर आणि मालमोटारी, ही वाटणीही याच हिशेबातली. बीडसारख्या कोरडवाहू जिल्ह्यांतून दसऱ्यानंतर जी कुटुंबे ऊसतोडीस निघतात, त्यांचे हंगामभराचे बिऱ्हाड कोठे पडणार, हेही या आखणीवर ठरते.

आणि या सर्वांचा खर्च कोण देतो? सरकारने ठरविलेला उसाचा रास्त आणि किफायतशीर दर हा कारखान्याच्या दारातील दर असतो. महाराष्ट्रात तोडणी आणि वाहतूक कारखानाच करवून घेतो आणि तो खर्च शेतकऱ्याच्या बिलातून वळता करतो. त्यातही सर्व उसाच्या खर्चाची सरासरी काढून ती सर्वांना सारखी लावण्याची रीत रूढ आहे. तिच्यायोगे दूरच्या गावाला आधार मिळतो, हे खरे. पण कारखान्याने फार लांबून ऊस आणला, तर त्याचा भार कारखान्याला लागून असलेल्या शेतकऱ्यावरही पडतो आणि हा भार त्याच्या बिलात वेगळा दिसत नाही. वाहतुकीचे गणित शेतकऱ्याने स्वतः का समजून घ्यावे, याचे याहून सबळ कारण देण्याची गरज नाही.

दुधाची गोष्ट उसाहून किंचित निराळी. पिण्याचे दूध जसेच्या तसे शहरात पोचवावयाचे असते. त्याचे वजन वाटेत घटवून चालत नाही. वजनाच्या न्यायाने दुग्धालय शेतापाशी असले काय आणि शहरापाशी असले काय, फारसा फरक पडू नये. परंतु दूध उसाहूनही उतावळे आहे. धारोष्ण दुधातील जंतू उबेत झपाट्याने वाढतात; ४ अंशांपर्यंत निवविले की त्यांची वाढ पुष्कळ मंदावते. म्हणून गावोगावी संकलन, चार-सहा गावांमिळून निवविण्याचे केंद्र आणि तेथून टाकीगाडीने मोठे दुग्धालय, अशी पायऱ्यांची रचना करावी लागते. पहिली पायरी जितकी गोठ्याजवळ, तितका पुढचा प्रवास लांबचा करता येतो. थ्यूनेनच्या काळी दूध शहराला लागून असलेल्या वर्तुळात कोंडलेले होते. शीतकाने ते वर्तुळ शेकडो किलोमीटर रुंद केले.

या रुंदावलेल्या वर्तुळाचे उत्तम उदाहरण म्हणजे गुजरातेतील आणंद. आणंद मुंबईपासून रेल्वेने सुमारे सव्वाचारशे किलोमीटर दूर. १९४५ साली मुंबई सरकारच्या योजनेखाली तेथून मुंबईस दूध जाऊ लागले. पण गावकऱ्यांना मिळणारा भाव मक्तेदार आणि मध्यस्थ ठरवीत. त्याविरुद्ध खेडा जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी दूध देणे बंद केले आणि त्रिभुवनदास पटेल यांच्या नेतृत्वाखाली १४ डिसेंबर १९४६ रोजी त्यांचा सहकारी संघ नोंदला गेला. परंतु संघ झाला तरी एक पेच राहिला. हिवाळ्यात म्हशी अधिक दूध देतात आणि मुंबईला ते सर्व नको असे. वाढीव दूध टिकविण्याची सोय नसल्याने भाव पुन्हा घेणाराच्या हाती जाई. यावर तोडगा म्हणून आणंद येथेच दुधाची भुकटी करणारा कारखाना काढण्यात आला. १९५५ साली त्याचे उद्घाटन झाले. म्हशीच्या दुधाची भुकटी करण्याचे तंत्र तेथे हरिचंद दलाया यांनी सिद्ध केले. दुधात पाच भागांपैकी चारांहून अधिक भाग पाणीच असल्याने भुकटी करताच वजन एकदम उतरते आणि वेबरची गाठ पुन्हा शेताकडे ओढली जाते. पण वजनाहूनही मोठा लाभ काळाचा झाला. जे दूध काही तासांत विकणे भाग होते, ते आता महिनोन्‌महिने थांबू शकत होते. आणि माल थांबू शकला की मालाचा धनीही भावासाठी थांबू शकतो.

आतापर्यंत एका कारखान्याचा विचार झाला. अनेक कोठारे आणि अनेक शहरे असली की वाहतुकीचे कोडे अधिक गहन होते. जो तो आपल्या जवळच्या कोठारातून माल घेईल तर सर्वांत स्वस्त पडेल, असे वाटणे साहजिक आहे. पण ते खरे नव्हे. समजा, दोन कोठारांत प्रत्येकी १०० पोती धान्य आहे आणि दोन गावांना प्रत्येकी १०० पोती हवी आहेत. पहिल्या कोठारातून पहिल्या गावी दर पोत्यास २ रुपये भाडे पडते, दुसऱ्या गावी ४. दुसऱ्या कोठारातून पहिल्या गावी ३ आणि दुसऱ्या गावी ९. सर्वांत स्वस्त वाट २ रुपयांची म्हणून ती आधी धरली, तर उरलेल्या गावाला ९ रुपयांचीच वाट राहते आणि एकूण खर्च होतो १,१०० रुपये. तीच स्वस्त वाट सोडून दिली आणि माल तिरपा पाठविला, तर ४ आणि ३ मिळून खर्च येतो ७०० रुपये. दोनच गावे असली तर हे नुसत्या नजरेने दिसते; शेकडो कोठारे आणि हजारो दुकाने असली तर दिसणार नाही. रशियातील कांटोरोविच यांनी १९३९ साली आणि अमेरिकेतील हिचकॉक यांनी १९४१ साली अशा कोड्यांचा गणिती विचार मांडला. १९४७ साली डँट्झिग यांनी ती सोडविण्याची सर्वसाधारण रीत दिली. भारतात स्वस्त धान्य दुकानांच्या वाहतुकीला हेच गणित लावणारी 'अन्न चक्र' नावाची प्रणाली केंद्र सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये सुरू केली. संयुक्त राष्ट्रांचा जागतिक अन्न कार्यक्रम आणि दिल्लीची आय. आय. टी. यांच्या साहाय्याने ती तयार झाली आहे.

तथापि गणित विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते, हे विसरून चालणार नाही. एका सरळ रस्त्यावर सारख्याच वस्तीची पाच गावे आहेत. पहिली चार शून्य, १, २ आणि ३ किलोमीटरांच्या खुणांवर, पाचवे मात्र दूर २४ व्या किलोमीटरवर. धान्याचे दुकान कोठे असावे? सर्व गावांच्या अंतरांची बेरीज किमान हवी असेल, तर दुकान तिसऱ्या गावी, दुसऱ्या किलोमीटरवर येते. बेरीज होते २६, पण पाचव्या गावाला २२ किलोमीटर चालावे लागते. कोणालाही फार चालावे लागू नये हा हेतू असेल, तर दुकान १२ व्या किलोमीटरवर येते. मग सर्वांत लांबची पायपीट १२ किलोमीटरांवर उतरते, पण बेरीज ५४ होते. दोन्ही उत्तरे अचूक आहेत. बेरीज महत्त्वाची की शेवटचे गाव महत्त्वाचे, हे कोणतेही समीकरण सांगू शकत नाही.

साखरेच्या कारखान्यात बेरजेचा विचार प्रधान असणे योग्यच. कारण तेथे उधळलेला प्रत्येक रुपया उसाच्या दरातून जातो. शिधावाटपाच्या दुकानात शेवटच्या गावाचा विचार प्रधान हवा. कारण तेथे दुकान दूर पडले तर रुपया वाचतो आणि माणूस उपाशी राहतो. कारखान्याची, केंद्राची किंवा कोठाराची जागा ठरविण्यासाठी सभा भरेल, तेव्हा नकाशा आणि हिशेब तज्ज्ञांनी अवश्य मांडावेत. परंतु हिशेब कशाचा करावयाचा, हे ठरविण्याच्या वेळी त्या सभेत शेवटच्या गावच्या माणसालाही बसावयास जागा असली पाहिजे.